पहिलीची शाळा ठरवण्याआधी पाचवीचा वर्ग बघून या

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातले हे कुटुंब. मुलगी येत्या वर्षी पहिलीत जाणार. घरात कोकणी, टीव्हीवर आणि देवळातल्या कीर्तनात मराठी, इंग्रजी फक्त मोबाईलवर. समोर तीन पर्याय आहेत. एक, गावातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा, चारही वर्ग मिळून अठरा मुले आणि दोन शिक्षिका. दोन, डिचोली शहरातल्या संस्थेची अनुदानित मराठी प्राथमिक शाळा, त्याच आवारात इंग्रजी माध्यमाचे हायस्कूल. तीन, म्हापशाच्या बाजूची सीबीएसई शाळा, वर्षाला साठ हजार फी आणि बस वेगळी. नातेवाईक तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने, आजोबा पहिल्या पर्यायाच्या बाजूने. कुठे घालावे?

या तिन्ही इमारती पाहिल्याशिवाय कुणीही नाव घेऊन सांगू नये. पण कशाला किती वजन द्यायचे ते सांगता येते. गोव्यात ते वजन महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या पालकांपेक्षा वेगळे बसते, कारण इथल्या बहुतेक मराठी-कोकणी माध्यमाच्या मुलांचा खरा कस चौथीतून पाचवीत जाताना लागतो. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीत हायस्कूलच्या दारातून आत गेले की गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळे इंग्रजीत. मधली उन्हाळ्याची सुट्टी एवढाच काय तो पूल. म्हणून पहिलीची शाळा निवडताना प्रश्न एकच धरा: ही शाळा माझ्या मुलीला पाचवीच्या दारात कुठल्या तयारीने नेऊन उभी करणार आहे? बाकीचे सगळे त्याच्यामागून.

ही रचना आली कुठून, तेही समजून घेतले तर नातेवाइकांशी वाद कमी होईल. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना असे ठरले, की सरकारी अनुदान मातृभाषेतल्या, म्हणजे मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच मिळेल. त्यामुळे अनुदान हवे असलेल्या अनेक इंग्रजी प्राथमिक शाळांनी कोकणी माध्यम घेतले. हायस्कूल मात्र इंग्रजीच राहिले. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुले केले, त्यावरून भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे आंदोलन झाले, आणि २०१२ नंतर मनोहर पर्रीकर सरकारने अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले. म्हणून आज एकाच गल्लीत तीन वेगळ्या तऱ्हेच्या शाळा दिसतात. माध्यम कुठले घ्यायचे हा निर्णय मात्र तुमचा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात तसे स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा "मराठीत घातले नाही तर भाषेचा द्रोह" आणि "मराठीत घातले तर पोरीचे वाटोळे" ही दोन्ही वाक्ये बाजूला ठेवा.

आता भाषेचा मुद्दा, तोच सर्वांत मोठा.

पहिली-दुसरीत मूल दोन कामे एकदम करत असते. अक्षरे जुळवून वाचायला शिकते, आणि वाचलेल्याचा अर्थ लावायला शिकते. ज्या भाषेतले शब्द कानाला आधीच ओळखीचे आहेत त्या भाषेत ही दोन्ही कामे एकत्र होतात. ओळखीची नसेल तर मूल पहिले काम करते आणि दुसरे सोडून देते. हेच ते मूल, जे तिसरीत इंग्रजी धडा घडाघडा वाचते, पालक खूश होतात, आणि "काय झाले गोष्टीत?" विचारले की छताकडे बघते. इंग्रजी न बोलणाऱ्या घरातल्या मुलाला इंग्रजी माध्यमात घातल्यावर सर्वांत जास्त होणारी गडबड हीच, आणि ती दोन-तीन वर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण उत्तरे पाठ करून घटक चाचणीत पंचवीसपैकी तेवीस पडत असतात.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. मराठी शाळेत चौथीपर्यंत छान वाचणारे, हिशेब तोंडी करणारे मूल पाचवीत पहिल्या सहामाहीत गप्प होते. त्याला गणित येत नाही असे नाही. त्याला "हाऊ मच मोअर", "ऑल्टुगेदर", "ईच", "रिमेनिंग" या शब्दांतून बेरीज करायची की वजाबाकी हे कळत नाही. अंश-छेद येतात, न्यूमरेटर-डिनॉमिनेटर कधी ऐकलेलेच नसतात. "गिव्ह रीझन्स" म्हणजे कारणे द्या, हे कुणी सांगितलेले नसते. दीडशे-दोनशे शब्दांचा हा अडसर आहे. चौथीत तो काढला तर पाचवीतली घसरण पुष्कळ आटोक्यात राहते. कुणीच काढला नाही तर सातवीपर्यंत शिकवणी चालू राहते आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वास जातो, तो शिकवणीने परत येत नाही.

म्हणून मराठी शाळेत, सरकारी असो की संस्थेची, मुख्याध्यापिकांना हे थेट विचारा. इंग्रजी पहिलीपासून विषय म्हणून आहेच, पण तो कोण शिकवते? वर्गात बोलून शिकवतात की स्पेलिंग दहा वेळा लिहून? तिसरी-चौथीत गणिताच्या इंग्रजी संज्ञा ओळखीच्या करून देतात का? गेल्या दोन वर्षांत चौथी पास झालेली मुले कुठल्या हायस्कूलमध्ये गेली आणि आता कशी आहेत? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चांगल्या शिक्षिकेला मुलांची नावे आणि सद्यस्थिती तोंडपाठ असते. "सगळी चांगली आहेत" एवढेच उत्तर आले तर माग ठेवलेला नाही असे समजा.

याच्या जोडीला एक काम तुम्ही स्वतः करा, यात लाजण्यासारखे काही नाही: हायस्कूलमध्ये जाऊन पाचवीला शिकवणाऱ्या टीचरना भेटा. कुठल्या शाळांतून येणारी मुले लवकर रुळतात, हे त्यांना नेमके माहीत असते. शाळेच्या माहितीपत्रकात हे कधीच मिळणार नाही. संस्थेच्या शाळेचा एक फायदा इथे दिसतो. प्राथमिक आणि हायस्कूल एकाच आवारात असेल तर पाचवीचा प्रवेश सहसा सरळ होतो आणि दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांना ओळखतात. पण आवार एक म्हणजे संवाद आहेच असे नाही. "चौथीच्या बाई आणि पाचवीच्या टीचर वर्षातून एकदा तरी एकत्र बसतात का?" हे विचारून बघा, चेहऱ्यावरून उत्तर कळेल.

घरी कोकणी बोलता, त्यामुळे आणखी एक गोष्ट. मराठी शाळा म्हणजे तुमच्या मुलीसाठी शंभर टक्के मातृभाषा नाही, जवळची भाषा आहे. पहिले काही महिने ती "हांव" आणि "मी" यांची सरमिसळ करील. शिक्षिका हसून दुरुस्त करतात की वर्गासमोर टोकतात, हे बघा. जी शिक्षिका मुलाला कोकणीत उत्तर देऊ देते आणि मग तेच मराठीत म्हणून घेते, ती काम जाणते.

वाचन कुठवर यायला हवे याचे माप सरकारनेच दिलेले आहे. निपुण भारत अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असे लक्ष्य आहे. गणितात दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या आणि तिसरीला ९,९९९ पर्यंतच्या. शाळेत गेल्यावर शक्य असेल तर तिसरीतल्या एका मध्यम मुलाला न वाचलेल्या गोष्टीचा परिच्छेद वाचायला सांगण्याची परवानगी मागा. मोबाईलवर एक मिनिट लावा, शब्द मोजा, मग दोन प्रश्न विचारा. उत्तर कुठल्याही भाषेत चालेल. तिन्ही शाळांत हे केले, तर आठवडाभर गप्पा मारून जे कळणार नाही ते पंधरा मिनिटांत कळते. परवानगी नाकारली तर रागावू नका, अनोळखी माणसाला मुलाजवळ न सोडणे बरोबरच आहे. मग ओळखीच्या घरातले त्या शाळेतले मूल शोधा आणि त्यांच्या ओसरीवर बसून हेच करा.

अठरा मुलांच्या शाळेबद्दल लोक नाक मुरडतात. पटसंख्या कमी म्हणजे शाळा वाईट, असा सरळ हिशेब मांडू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत मुलांना दोन शिक्षक लागतात, म्हणजे तिथे कायद्याच्या दृष्टीने कमतरता नाही. नऊ मुलांमागे एक शिक्षिका ही चैन साठ हजार भरूनही मिळत नाही. अडचण दुसरीकडे असते. एक शिक्षिका पहिली-दुसरी एकत्र सांभाळते, दुसरी तिसरी-चौथी. बहुवर्ग शिकवण्याची पद्धत असते: एका गटाला तोंडी पाठ, तेव्हा दुसऱ्याला हातात काम, अर्ध्या तासाने उलट. ही पद्धत बसलेली असेल तर वर्ग शांतपणे चालतो आणि पहिलीतले मूल दुसरीचे ऐकत ऐकत पुढे जाते. बसलेली नसेल तर दोन्ही गट फळ्यावरचे उतरवत बसलेले दिसतात. तेवढे पाहायला वीस मिनिटे पुरतात.

दुसरा धोका, शिक्षिका जागेवर असण्याचा. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देता येतात. दोन शिक्षिकांपैकी एक मतदार यादीच्या कामात आणि दुसरी प्रशिक्षणाला, अशा दिवशी शाळा नुसती उघडी असते. गेल्या वर्षी असे किती दिवस गेले ते विचारा. दोघींपैकी कुणी निवृत्तीला आली आहे का, बदलीची शक्यता आहे का, तेही. आणि पटाची दिशा बघा: अठरा हा आकडा तीन वर्षांपूर्वी तीस होता की पंधरा? घसरत असेल तर चार वर्षांत शाळा शेजारच्या शाळेत विलीन होण्याची शक्यता मनात धरा आणि ती शेजारची शाळा कुठे आहे तेही आताच बघून या. तालुक्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात याविषयी सरळ विचारता येते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. अठरा मुलांच्या शाळेत तुम्ही बहुधा समितीवर याल. तिथे तुमचे एक वाक्य पुष्कळ काही हलवते, मोठ्या शाळेत ते वहीत नोंदवले जाते आणि चहा येतो.

शाळा पाहायला जाल तो दिवस स्नेहसंमेलनाचा नसावा. साधा मंगळवार-बुधवार, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, आणि जमले तर जुलैत. पावसाळ्यात गोव्यातल्या शाळेचे सगळे खरे दिसते: कुठल्या वर्गात बादली ठेवली आहे, शौचालयाकडे जाताना मूल भिजते का, मैदानाचे तळे झाले की मुले मधल्या सुट्टीत काय करतात, वीज गेली की वर्गात किती अंधार. प्रवेशाचा निर्णय त्याआधी घ्यायचा असतो, तेव्हा आदल्या वर्षीच्या पावसात फेरी मारणे उत्तम.

वह्या मागा. पहिल्या नंबरच्या मुलीची वही तुम्हाला आपोआप दाखवतील, तुम्ही मधल्या बाकावरच्या तीन मुलांच्या मागा. तिन्हींत तीच वाक्ये, तोच क्रम, एका मुलाची चूकही तशीच दुसऱ्याकडे असेल, तर उत्तरे फळ्यावरून उतरवलेली आहेत. वाक्ये वेगवेगळी, थोडी वाकडी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट असतील तर मुले स्वतः लिहीत आहेत. लाल शाईची बरोबरची खूण प्रत्येक पानावर असते, त्याला फार अर्थ नाही. चूक दाखवल्यावर मुलाने ती खाली सुधारून लिहिली आहे का, आणि ती शिक्षिकेने पुन्हा पाहिली आहे का, याला आहे. दप्तरही हातात घेऊन पाहा. २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो वजन सांगितले आहे, आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. पहिलीतल्या मुलाचे दप्तर चार किलो भरत असेल तर त्या शाळेत पुस्तकांची यादी ठरवताना मुलाचा विचार झालेला नाही.

सीबीएसई शाळेकडे वळू. मंडळ चांगले की वाईट हा प्रश्न पहिलीच्या मुलासाठी जवळजवळ गैरलागू आहे. "पुढे नीट-जेईईला सीबीएसई बरे" हे वाक्य सगळीकडे ऐकू येते, पण गोवा शालान्त मंडळाचा अकरावी-बारावीचा विज्ञानाचा अभ्यासक्रमही एनसीईआरटीच्याच पुस्तकांवर बेतलेला आहे. फरक शिक्षकांत पडतो. बदलीच्या नोकरीमुळे राज्य सोडावे लागणार असेल तर सीबीएसईचा फायदा खरा आहे. डिचोलीतच राहणार असाल तर तो कागदावरचा आहे.

तरी ती शाळा घ्यायचीच असेल तर आधी संलग्नता तपासा. "सीबीएसई पॅटर्न", "सीबीएसई अभ्यासक्रमावर आधारित", "प्रस्तावित सीबीएसई" या तिन्हींचा अर्थ अजून मंडळाची मान्यता नाही, असाच घ्यायचा. मंडळाच्या सारस पोर्टलवर शाळेचा संलग्नता क्रमांक आणि ती कुठल्या इयत्तेपर्यंत आहे ते दिसते. आठवीपर्यंतच असेल तर नववीचे काय, ते लेखी विचारा. सीबीएसई शाळेच्या संकेतस्थळावर मंडळाने सक्तीची केलेली माहिती असायला हवी: फी, शिक्षकांची संख्या, दहावी-बारावीचे निकाल, इमारत आणि अग्निसुरक्षेचे दाखले. एका तुकडीत साधारण ४० मुले आणि तुकडीमागे दीड शिक्षक असा मंडळाचा नियम आहे. सहा तुकड्या असतील तर नऊ शिक्षक भरायला हवेत, यादीतली नावे मोजून बघा. आणि मागच्या वर्षी पहिली ते तिसरीला शिकवणाऱ्यांपैकी किती जणी यंदा तिथेच आहेत, हे विचारा. खासगी विनाअनुदानित शाळांतला सर्वांत मोठा दोष शिक्षक टिकत नाहीत हा असतो, कारण पगार कमी. अनुदानित शाळेत पगार सरकार देते, म्हणून तिथल्या टीचर वीस-वीस वर्षे एका शाळेत असतात. त्याचे तोटेही आहेत, पण सहा वर्षांच्या मुलाला दरवर्षी नवे तोंड बघावे लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

कुठलीही शाळा असो, तिला सरकारी नोंदणीचा अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, गोव्यातल्यांची सुरुवात ३० ने होते. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर तो किंवा शाळेचे नाव घातले की मुलांची संख्या, शिक्षक, खोल्या, शौचालये यांची नोंद दिसते. शाळेने स्वतः भरलेली माहिती असते, तेव्हा ती प्रत्यक्षाशी ताडून बघायची. क्रमांकच नसेल तर शाळेला मान्यता आहे का ते आधी विचारा.

पहिलीसाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत, चाचणी, देणगी, यातले काही मागितले तर ते शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये बसत नाही. देणगीबद्दल रकमेच्या दहा पटींपर्यंत आणि चाचणीबद्दल पहिल्यांदा २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांना मात्र २०१४ च्या निकालापासून हा कायदा लागू नाही, तिथे हे कलम दाखवून उपयोग नाही. छडी आणि कान पिरगळणे याबाबत मात्र कुठल्याच शाळेला सूट नाही, गोवा बाल कायदा २००३ सगळ्यांनाच लागू आहे.

पैशांचा हिशेब सहसा चुकतो, कारण पहिल्या वर्षाची फी हाच आकडा डोक्यात राहतो. साठ हजार फी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढली (ही काही फार धरलेली वाढ नाही) तर दहावीच्या वर्षी ती १,४१,००० च्या पुढे जाते आणि दहा वर्षांची नुसती फी साडेनऊ लाखांवर. त्यात बस, पुस्तके, दोन प्रकारचे गणवेश, सहली, "उपक्रम शुल्क" धरा. दुसरे मूल असेल तर दुप्पट. त्यावर शिकवणी लागणारच असेल, तर शाळा नेमके काय शिकवते हा प्रश्न उरतो. अनुदानित आणि सरकारी शाळेतही खर्च शून्य नसतो. पालक-शिक्षक संघाचा निधी, संगणक, गणवेश यांची पावती मागील वर्षीच्या पालकाकडून पाहून घ्या. आठवीपर्यंत माध्यान्ह आहार तिथे असतो. स्वयंसाहाय्य गटांची पाव-भाजी मूल खाते की परत आणते, तेही शेजाऱ्यांच्या मुलांना विचारा.

पैशांपेक्षा मी वेळेला जास्त वजन देईन. म्हापशाच्या बाजूला बसने जायला, थांबे धरून, पाऊण तास लागतो. जाऊन-येऊन दीड तास. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे असते. म्हणजे मुलगी ८०० तास शिकण्यासाठी ३०० तास बसमध्ये बसेल, तेही पहाटे साडेसहाला उठून, जूनच्या पावसात. सहा वर्षांच्या मुलाला हे झेपते, असे पालक सांगतात, कारण मूल तक्रार करत नाही. ते दुपारी जेवून झोपते आणि संध्याकाळी चिडचिड करते, तिचा शाळेशी संबंध कुणी जोडत नाही. तिसरीपर्यंत एका बाजूचा प्रवास वीस मिनिटांच्या आत ठेवा, हे माझे मत आहे. अनुदानित शाळेला बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची बस, असेल तर तो तुमच्या वाड्यापर्यंत येतो की तिठ्यावर सोडतो ते विचारा, आणि बालरथ नसतो त्या दिवशी काय करायचे हेही ठरवून ठेवा, असे दिवस येतात.

गोव्यातल्या बहुतेक शाळा दुपारी एक-दीडला सुटतात. दोघेही नोकरीला असाल तर दीड ते साडेपाच मुलगी कुठे, या प्रश्नाचे उत्तर शाळा निवडण्याआधी हवे. पुष्कळ कुटुंबांत याच चार तासांसाठी शिकवणी लावली जाते, शिकण्यासाठी नव्हे. गावात आजी-आजोबा असतील तर गावच्या शाळेचे पारडे इथे बरेच जड होते.

एक बारकी गोष्ट, जी पाचवीत कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मुलगी हुशार निघाली आणि नवोदय विद्यालयाचा विचार आला, तर उत्तर गोव्याचे नवोदय वाळपईला आहे. निवास, जेवण धरून मोफत, सीबीएसई, सहावीत प्रवेश. परीक्षा पाचवीत असताना द्यायची: दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण, मराठीतूनही देता येते. त्यातल्या ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. डिचोली शहर पालिकेच्या हद्दीत येते. चौथीपर्यंत गावात शिकून पाचवीला शहरातल्या हायस्कूलमध्ये गेली, तर ग्रामीण जागेवरचा हक्क गेला. ही वाट डोक्यात असेल तर पाचवीसाठी पंचायत क्षेत्रातले हायस्कूल बघा.

दूरची आणखी एक: अकरावीला मुलांना बेळगाव-कोल्हापूरला पाठवण्याची टूम आहे. त्याआधी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत गोव्याच्या कोट्यासाठी वास्तव्याची आणि शिक्षणाची अट काय आहे ते वाचा, नाहीतर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या जागेसाठी घेतलेली मेहनत कागदावर अडकते.

वाचायला शिकताना दुसरीच्या शेवटीही अक्षरे उलटी होत असतील, फळ्यावरचे उतरवताना ओळी सुटत असतील, तर शाळा बदलण्याआधी तपासणी करून घ्या. शाळेत विशेष शिक्षक येतात का, आठवड्यातून किती वेळा, हे प्रवेशाच्या वेळीच विचारलेले बरे. निदान आणि प्रमाणपत्र असेल तर पुढे मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

तर तुमच्या तीन पर्यायांत, दिलेल्या माहितीवरून, माझा कल असा. गावच्या शाळेतल्या दोन्ही शिक्षिका पुढची तीन-चार वर्षे राहणार असतील, बहुवर्ग नीट चालत असतील आणि पट स्थिर असेल, तर पहिली ते चौथी तिथेच. तिसरीपासून रोज वीस मिनिटे घरी इंग्रजी: पहिले वर्ष नुसते ऐकणे-बोलणे आणि चित्रांची सोपी पुस्तके, चौथीत गणिताच्या संज्ञा आणि शाब्दिक उदाहरणे इंग्रजीत, आणि चौथीच्या सुट्टीत पाचवीच्या गणित-विज्ञानाच्या पुस्तकांतले पहिले दोन धडे, अर्थ मराठीत सांगून. स्पेलिंग पाठ करून घेऊ नका, त्याने काही होत नाही. या तीन अटींपैकी शिक्षिका राहण्याची पहिली अट पुरी होत नसेल तर डिचोलीतली संस्थेची शाळा, प्रवास वीस मिनिटांत बसत असेल तर. सीबीएसईचा विचार सहावीला पुन्हा करता येतो, तेव्हा मुलगी बसप्रवास झेपवू शकते आणि तुम्हालाही कळलेले असते की तिला काय लागते. आता त्या शाळेत घालण्याचे एकच सबळ कारण मला दिसते: गावच्या शाळेत शिक्षिका नाहीत आणि डिचोलीत जागा नाही.

कागदपत्रांसाठी जन्मदाखला, आधार, वास्तव्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद एवढे पुरते. पहिलीला सहा वर्षे पूर्ण लागतात, पण कुठल्या तारखेला मोजायची ते त्या वर्षीच्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकात बघा. शाळांची वर्षेही बदलत आहेत, २०२५-२६ पासून सहावी आणि पुढचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू झाले, त्यामुळे मोठ्या भावंडाची आणि हिची सुट्टी जुळेलच असे नाही. जन्मदाखल्यावरचे इंग्रजी स्पेलिंग आत्ताच नीट वाचा. गोव्यात एकाच घरात बापाच्या नावापुढे एक स्पेलिंग आणि आजोबांच्या जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे दुसरे, हे नेहमीचे आहे. शाळेच्या पटावर जे चढेल तेच दहावीच्या गुणपत्रिकेवर येते, आणि तिथून पासपोर्टपर्यंत जाते. दुरुस्ती करायची असेल तर ती जिथे जन्माची नोंद झाली त्या पंचायतीत किंवा पालिकेत आधी करून घ्या, आणि मगच शाळेत अर्ज भरा.